पाचवं उत्तर

मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो आणि सोळा वर्षं मी तो इमानेइतबारे घेतला. आमच्याकडे गाड्यांच्या ब्रेकला लागणारे छोटे भाग तयार होतात. त्यातला एखादा वाकडा किंवा तडकलेला भाग गिऱ्हाइकाकडे पोचला की तिकडून तक्रार येते आणि इकडे माझ्या टेबलावर एक फॉर्म येतो. त्याला कारखान्यात सगळे ‘व्हाय-व्हाय’ म्हणतात. एकाखाली एक पाच ओळी. पहिल्या ओळीत विचारायचं, हे असं का झालं? जे उत्तर येईल त्यालाच पुन्हा विचारायचं, मग ते का झालं? असं पाच वेळा खणत गेलं की पाचव्या उत्तरात मूळ कारण सापडतं, असं म्हणतात.

पद्धत वाईट नाही, हे मी आजही म्हणते. वाईट आहे ती आमची रीत. आमच्याकडे पाचवं उत्तर आधीच ठरलेलं असतं. भाग वाकडा का? पकड सैल होती. सैल का? तपासली नव्हती. का तपासली नाही? ऑपरेटरच्या लक्षात आलं नाही. का आलं नाही? घाईत होता. घाई का? इथं खरं उत्तर असतं की लाइनचा वेग वाढवलाय, चौघांचं काम तिघं करताहेत आणि त्यातला एक सलग दुसऱ्या पाळीला उभा आहे. ते लिहिलं की ‘हे कारण आपल्या हातात नाही’ असा शेरा होऊन फॉर्म परत येतो. मग आपण लिहायचं, ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’. उपाय, ‘समज दिली’. हे त्याच दिवशी मंजूर होतं. असे फॉर्म मी वर्षानुवर्षं लिहिले, आणि ज्यांच्याबद्दल लिहिले ती माणसं संध्याकाळी बसमध्ये माझ्या शेजारी बसून मला भाजलेल्या शेंगा देत होती.

मागल्या दोन वर्षांत कामाचा रेटा वाढला. मोबाइलवर एक ग्रुप निघाला. किती माल निघाला ते लिहिलेल्या लाइनवरच्या फळ्याचा फोटो दर तासाला त्यावर पडायचा आणि प्रत्येकानं पाच मिनिटांत त्याला ‘बघितलं’ म्हणून अंगठा दाखवायचा. सुट्टी असो, जेवण असो, कुणाचं लग्न असो. अंगठा आला नाही की आमचे साहेब सगळ्यांदेखत विचारायचे, ‘मॅडम आहेत ना?’ मी एकदा चुलत दिराच्या साखरपुड्यात, नवरीला कुंकू लावता लावता डाव्या हातानं अंगठा दाखवला. त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही, हे आता आठवलं की संताप येतो.

शरीर सांगत होतं, पण शरीराच्या तक्रारीला फॉर्म नव्हता. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, झोपेत दात खाता का, दाढा झिजल्यात. बसथांब्यापासून स्कूटीवर घरी येताना सिडकोत आमच्या घराचं वळण मी आठवड्यातून एकदा तरी चुकायची आणि पुढच्या चौकात गेल्यावर भानावर यायची. नवरा जेवताना काहीतरी सांगत असायचा. त्याचं औरंगपुऱ्यात शाळेच्या पुस्तकांचं दुकान आहे, सांगायला त्याच्याकडे दिवसभराचं पुष्कळ असतं. मी मान हलवायची आणि त्यानं शेवटी ‘मग काय करू सांग’ म्हटलं की मला प्रश्नच माहीत नसायचा.

आणि घरात मी काय करत होते? तपासणी. कारखान्यात नाकारलेल्या मालाला लाल चिठ्ठी लागते. मी स्वयंपाकघरात तशा चिठ्ठ्या आणल्या. काठ वाकलेलं पातेलं, झाकण हरवलेला डबा, सगळ्यांना लाल चिठ्ठी. डबे कुठं ठेवायचे त्याच्या पट्ट्या मी फळीवर चिकटवल्या. सासूबाई पाचोडच्या, जन्मभर अंदाजानं मीठ घालून पन्नास माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या. त्यांनी तिखटाचा डबा हळदीच्या जागी ठेवला म्हणून मी त्यांना पट्टी दाखवली. त्या म्हणाल्या, “बाई, मला वाचता येतं. पर माझ्या हाताला ठावं हाय ना, तिखट कुठं अस्तंय.” मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. साहेबांना उलट बोलायची सोय नव्हती, मग वड्याचं तेल वांग्यावर.

त्यातून एके दिवशी दूध उतू गेलं. माझी लेक तेव्हा दहा वर्षांची. मी तिला गॅसजवळ उभं केलं होतं आणि स्वतः फोनवर अंगठा दाखवत होते. दूध गेलं ते गेलंच. मी ओरडले नाही. ओरडणाऱ्या आया मला मागास वाटायच्या. मी शांतपणे तिच्या जुन्या वहीच्या पानावर पाच ओळी आखल्या आणि म्हटलं, बस, आपण शोधू या का झालं ते. तिला गंमत वाटली. दूध उतू का गेलं? गॅस मोठा होता. का? मी बारीक केला नाही. का? माझं लक्ष नव्हतं. का? मी खिडकीतून बघत होते. का? पाचव्या ओळीशी ती अडली. मग मीच तिला शब्द सुचवला. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द तिला तेव्हा नीट लिहिताही येत नव्हता. मी तो तिला दुरुस्त करून दिला.

पुढं त्याची वहीच झाली. पाण्याची बाटली शाळेत विसरली, वही. बूट ओले झाले, वही. मला वाटायचं, मी मुलीला विचार करायला शिकवतेय. मी बसमध्ये ते कौतुकानं सांगितलंसुद्धा. नवऱ्यानं दोनदा म्हटलं की अगं, लहान आहे ती, हे जरा जास्त होतंय. त्याला मी म्हटलं, तुमच्या दुकानात चूक झाली तर एक पुस्तक परत येतं, आमच्याकडे ब्रेक लागत नाही. हे वाक्य मी साहेबांकडून उचललं होतं.

सहामाहीत तिचे गणिताचे मार्क एकदम घसरले. उत्तरपत्रिका बघितली तर रीत बरोबर, आकडेच चुकीचे. गणितं बाईंनी फळ्यावर लिहून दिलेली, तिथं तीन असेल तर तिनं आठ उतरवलेला, सहाच्या जागी शून्य. मी वही काढली. उत्तर का चुकलं? गणित चुकीचं उतरवलं. का? फळ्यावरचा आकडा नीट पाहिला नाही. का नाही पाहिला? इथं ती पेन्सिल धरून बराच वेळ बसली. मी घड्याळ बघत होते, तासाचा फोटो यायचा होता. मग तिनं लिहिलं, ‘लक्ष नव्हतं.’ त्याखाली, ‘दुसरीकडे बघत होते.’ आणि पाचव्या ओळीत, मी न सांगता, एकही चूक न करता, ‘कारण मी निष्काळजी आहे.’ मी खाली सही केली. हो, सहीसुद्धा करत होते मी.

दोन महिन्यांनी एका दुपारी शाळेतून फोन आला. तेव्हा लाइन बंद पडली होती आणि मी तो तीनदा कापला. मग त्यांनी नवऱ्याला केला. तो दुकान बंद करून गेला. बाईंनी त्याला सांगितलं की मुलगी फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरवते, पहिल्या बाकावर बसवलं तरी उठून फळ्याशी जाते. डोळे दाखवलेत का कधी? नव्हते दाखवले. हजारो भाग भिंगाखाली धरून बघणाऱ्या बाईनं आपल्या पोरीच्या डोळ्यांत बघितलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं की दोन्ही डोळ्यांना नंबर आहे, डाव्याला बराच जास्त, आणि त्या डोळ्यानं धूसरच दिसत असल्यानं मेंदूनं तो वापरणं सोडलंय. नुसत्या चष्म्यानं भागणार नाही. म्हणाल्या, याला आळशी डोळा म्हणतात. तो शब्द ऐकला आणि माझ्या लेकीनं मान खाली घातली. तिला वाटलं, हीसुद्धा तिचीच चूक. डॉक्टरबाईंच्या ते लक्षात आलं नसावं, त्या मला समजावत होत्या की लवकर आला असतात तर सोपं गेलं असतं. आता उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. रोज दोन तास चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची आणि डाव्या डोळ्याकडून जवळची बारीक कामं करून घ्यायची. मूल पट्टी काढतं, कंटाळतं, म्हणून मोठ्या माणसानं सोबत बसायचं.

घरी आल्यावर मी ती वही उघडली. गणिताचं पान काढलं आणि माझी सही बघत बसले. मग लेकीला जवळ घेऊन विचारलं, बाळा, फळा दिसत नाही असं का नाही लिहिलंस? मला वाटलं होतं ती म्हणेल, तू रागावली असतीस. तसं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, “तू पुढं विचारलं असतंस, का दिसत नाही. ते मला माहीत नव्हतं. मग पुढच्या ओळीत काय लिहिणार?”

दहा वर्षांच्या पोरीला जे कळलं होतं तेच कारखान्यातल्या प्रत्येक ऑपरेटरला कळलेलं असतं. खरं सांगितलं की पुढचा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर आपल्याकडे नसतं. स्वतःला निष्काळजी म्हटलं की सुटका होते. मी खरं कारण शोधायची पद्धत घरी आणली नव्हती. खरं कारण पुरायची रीत आणली होती, आणि ती पोरीनं माझ्याहून लवकर आत्मसात केली.

आता प्रश्न त्या दोन तासांचा होता. संध्याकाळच्या गर्दीत नवऱ्याला दुकानातून हलता येत नव्हतं. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, सुई ओवायला त्या नातीलाच हाक मारतात. म्हणजे मला सहा-सवासहाला घरी असायला हवं होतं. आमची सुटायची वेळ साडेपाच आहे. कागदावर. सुटायच्या वेळेला सुटायची परवानगी मागायला मी साहेबांच्या केबिनमध्ये उभी राहिले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाले, “मॅडम, घरचं घरी ठेवायला शिका.”

मी म्हटलं, “ठेवते. त्यासाठी घरी तर जाऊ द्या.”

यावर त्यांनी मला सुटायची वेळ दिली नाही, प्रशिक्षण दिलं. मॅडमना ताण जाणवतोय म्हणून माझं नाव ताण कमी करायच्या वर्गात घातलं. वर्ग कधी? सुट्टीच्या दिवशी, सकाळी साडेनऊ ते दुपारी चार, हजेरीच्या यंत्रावर बोट टेकवून. शहरातल्या एका हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये आम्ही तीस जण. शिकवायला आलेला माणूस गोड बोलायचा. त्यानं प्रत्येकाला एक फुगा दिला, त्यावर आपला ताण लिहा म्हणाला आणि मग टाचणीनं फोडायला लावला. तीस फुगे फुटले. मग डोळे मिटून श्वास मोजायचा होता. मोजता मोजता तासाचा फोटो पडला, तीस खिसे थरथरले आणि तीस माणसांनी एकेक डोळा उघडून अंगठा दाखवला. साहेब मागच्या रांगेत होते. त्यांनीही दाखवला. हसावं की रडावं कळेना.

शेवटी त्यानं विचारलं, काही शंका? मी उभी राहिले. म्हटलं, आमच्याकडे एक पद्धत आहे, तिनं विचारते. आम्हाला ताण का येतो? तो म्हणाला, कारण आपण तो घेतो. का घेतो? कारण आपल्याला घर आणि काम वेगळं ठेवता येत नाही. का येत नाही? कारण आपण स्वतःवर काम करत नाही. चौथ्या-पाचव्या प्रश्नाची गरजच उरली नाही. इथंही मूळ कारण आम्हीच निघालो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, आणि वर विचारतात बंब कसा वाटला, एक ते पाचमध्ये गुण द्या.

श्वासाला मी नावं ठेवत नाही. आजही डोकं तापलं की दहा वेळा लांब श्वास घेते आणि तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पण आगीशेजारी उभं करून ठेवलेल्या माणसाला पंखा देऊन उपकार केल्याचा आव आणू नये, एवढंच माझं म्हणणं.

पुढच्या सोमवारपासून मी संध्याकाळी साडेपाचला कामावरून उठून निघू लागले. न विचारता. पहिले काही दिवस पाठीवर सगळ्यांचे डोळे टोचायचे. घरी आल्यावर फोन बंद करायची हिंमत होईना. तो सासूबाईंनी माझ्या हातातून घेतला आणि कमरेच्या पिशवीत टाकून तिची नाडी आवळली. मी म्हटलं, आई, काही तातडीचं असलं तर? त्या म्हणाल्या, “तुझी कंपनी जळाली तर धूर गच्चीवरनं दिसंल. तवर पोरीपाशी बस.” पहिल्या संध्याकाळी फोन नसलेल्या मांडीवर मला फोन थरथरल्यासारखा वाटत होता. पंधरा दिवसांनी तो भास थांबला.

बसमधल्या आम्ही पाचजणींनीही एक कायदा केला. येताना चिकलठाणा विमानतळाची भिंत लागली की कंपनीचं नाव काढायचं नाही. जी काढेल तिनं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना चिवडा आणायचा. पहिल्या आठवड्यात रोज चिवडा झाला आणि तो बहुतेक मीच आणला.

त्याच महिन्यात तक्रार आली. तडकलेला भाग. ज्या ऑपरेटरच्या पाळीत तो निघाला तो बारा दिवस सुट्टीशिवाय उभा होता, हे मला हजेरीपटावरून दिसत होतं. मी फॉर्म भरला आणि पाचव्या ओळीत तेच लिहिलं. परत आला. पुन्हा तेच लिहिलं. पुन्हा आला. तिसऱ्यांदा साहेबांनी स्वतः आणून दिला आणि म्हणाले, एक शब्द बदलायचाय फक्त. मी नाही बदलला. म्हटलं, तो शब्द मी माझ्या मुलीला शिकवलाय आणि त्याची किंमत तिचा डोळा देतोय, आता कुणासाठी लिहिणार नाही.

यातून काही क्रांती झाली असं कुणी समजू नये. तो फॉर्म दुसऱ्या कुणीतरी भरला, ऑपरेटरला समज मिळाली आणि मला मापाची यंत्रं तपासायच्या खोलीत बसवलं. ग्रुपमधूनही काढलं. ही शिक्षा होती, आणि ती देणाऱ्यांना वाटत होतं की मी विनवणी करत परत येईन. ती खोली शांत आहे. दात मी अजून खाते, पण डॉक्टर म्हणतात पूर्वीपेक्षा कमी.

संध्याकाळी आम्ही मायलेकी बसतो. तिच्या उजव्या डोळ्यावर पट्टी, समोर ताटात डाळ, तांदूळ, कधी मणी, कधी रंगवायची चित्रं. ती निवडते, मी बसते. सुरुवातीला मला वाटलं होतं, आठ-पंधरा दिवसांत सगळं पूर्वीसारखं होईल. झालं नाही. ती गोड वागते, विचारलं तेवढं सांगते, पट्टी टोचते का म्हटलं की नाही म्हणते. नंतर कळतं की तिनं आजीला सांगितलंय, लई टोचते. शाळेत कुणी चष्म्यावरून चिडवलं तेही आजीला आणि बाबांनाच ठाऊक. ‘का’ हा शब्द मी तोंडात येऊ देत नाही, जिभेवर आला तर गिळते. ती मात्र माझं तोंड हललं की पेन्सिल थांबवते.

तीन महिन्यांनी डॉक्टरबाईंनी तपासायला बोलावलं. आत आम्ही तिघी. उजवा डोळा झाकून त्यांनी पडद्यावर तक्ता दाखवला आणि लेकीनं भराभर वाचला. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, अगदी शेवटून दुसरी. मला भरून आलं. डॉक्टरबाईंनी मात्र पडद्यावरची अक्षरं बदलली. लेक थांबली. तिनं तक्त्याकडे बघितलं नाही, वळून माझ्याकडे बघितलं. उजवा डोळा झाकण्याआधी त्याच डोळ्यानं तिनं तक्ता पाठ केला होता. आईसमोर तपासणीत पास व्हायचं होतं तिला.

डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, पाठ करून चालत नाही गं, मला खरं कळलं तरच मी औषध करीन. तरी तिची नजर माझ्यावरच होती. आणि मला कळलं की मी त्या खोलीत कितीही शांत, कितीही हसरी बसले तरी तिच्यासाठी मी अजून फॉर्म घेऊन बसलेली बाईच आहे. मी उठले. पाणी पिऊन येते म्हटलं आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. दाराला नुसता पडदा होता.

मग डॉक्टरबाईंनी काहीतरी विचारलं आणि आतून तिचा आवाज आला, मोकळा, न चाचरता. “हे दिसत नाही.” मग, “हेपण नाही.” मग, “याचं फक्त वरचं टोक दिसतं.” एकेक खरं ती सांगत गेली. कितीतरी महिन्यांत तिच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकत होते, आणि ती ते मला सांगत नव्हती.